ट्रॅक तुझं ऐकत नाही

पत्र मोठं होतं, कामाचा भाग तेवढा देतोय:

"दादा, मी 27 वर्षांचा, मूळ बार्शीचा, सध्या कल्याणला दोन मित्रांबरोबर भाड्याने राहतो. बाबांचा ब्रास बँड होता. नवव्या वर्षी क्लॅरिनेट हातात दिलं त्यांनी, बारावीपर्यंत वरातीत वाजवलं. आता ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसला आहे, हातात 42 हजार येतात. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड टेनर सॅक्सोफोन घेतला आणि जॅझचं वेड लागलं. लग्नाच्या कॉकटेलला डीजेबरोबर सॅक्स वाजवतो, गेल्या वर्षी 15 गिग्ज झाल्या, सरासरी 12 हजार धर. पण पांढरा कोट घालून आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीच्या ट्रॅकवर वाजवणं म्हणजे काही जॅझ नाही. दोन-तीनदा जॅमला, म्हणजे इतरांबरोबर आयत्या वेळी वाजवायला, गेलो, लोक बरं म्हणाले. आता गोव्याच्या एका रिसॉर्टची ऑफर आलीय, नोव्हेंबर ते मार्च, रोज संध्याकाळी एकट्याने ट्रॅकवर सॅक्स, महिना 55 हजार, राहणं-जेवण त्यांचं. नोकरी सोडावी लागेल. बाबा म्हणाले, एवढं शिकवलं ते परत बँडवाला व्हायला का? हे ऐकून फार लागलं, कारण ते स्वतः आयुष्यभर तेच करत आले. मला जॅझ सॅक्सोफोनिस्ट म्हणूनच करिअर करायचंय. नोकरी सोडू का? मुंबईत हे खरंच होतं का? — टेनरवाला"

टेनरवाल्या,

गोव्याला जाऊ नकोस. नोकरी पण आत्ता सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. आता का ते सांगतो, आणि मला फक्त "नाही" म्हणून पत्र संपवणारा काका समजू नकोस, मी स्वतः अकरा वर्षं बँकेत क्लार्क होतो आणि संध्याकाळी साडेसातला एका हॉटेलच्या लाउंजमध्ये पियानोवर बसायचो, बँकेतल्या लोकांना वाटायचं हा क्लासला जातो आणि हॉटेलवाल्यांना वाटायचं याचं काहीतरी बारकं दुकान असणार.

आधी गणित, कारण तू ते केलेलं दिसत नाही. गोवा, पाच महिने, 55 हजार, म्हणजे 2 लाख 75 हजार. याच पाच महिन्यांत तुझा पगार 2 लाख 10 हजार. आणि तुझ्या 15 गिग्जपैकी किती नोव्हेंबर ते मार्चमध्ये होत्या? तुळशीच्या लग्नानंतरच सीझन चालू होतो, त्यामुळे मी दहा धरतो, म्हणजे अजून 1 लाख 20 हजार. झाले 3 लाख 30 हजार. कल्याणचं भाडं आणि जेवण वजा केलंस तर दोन्हीकडे साधारण सारखंच पडेल. म्हणजे वर्षातला लग्नाचा सगळा सीझन मुंबईबाहेर घालवायचा, इथल्या इव्हेंटवाल्यांच्या फोनमधून आपलं नाव खाली खाली जाऊ द्यायचं, नोकरी गमवायची, आणि एप्रिलला परत येऊन उभं राहायचं कुठे, तर चातुर्मासाच्या तोंडावर! मे-जूनमध्ये थोडी लग्नं मिळतील, पुढे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत काय? गणपतीत तुझ्या बाबांच्या बँडला काम असतं, नवरात्रात ढोल आणि कीबोर्डवाल्याला असतं, टेनर सॅक्सला कोणी विचारत नाही. फुलटाइम म्युझिशियनचं वर्ष म्हणजे ते चार महिने असतात, बाकीचे आठ कोणीही काढतो.

पण समज रिसॉर्टने 80 हजार दिले असते तरी मी नाहीच म्हटलं असतं. कारण ट्रॅक. पाच महिने, रोज तीन तास, तू एका स्पीकरबरोबर वाजवणार. तू एखादी फ्रेज अर्धी सोडलीस तर ट्रॅक थांबणार नाही, तू मागे खेचलंस तर तो तुझ्यासाठी मागे येणार नाही, तू भलताच सूर लावलास तर पियानोवाला कसा हसून खालचा कॉर्ड बदलतो आणि तुझी चूक एकदम मुद्दाम केल्यासारखी वाटते, ते तिथे कधीच होणार नाही. पाच महिन्यांनी तुझा टोन छान झालेला असेल, मान्य, पण कान बंद पडलेले असतील. मी हे झालेलं पाहिलंय, नाव घेत नाही, उत्तम अल्टो वाजवणारा पोरगा दोन सीझन ट्रॅकवर वाजवून आला आणि जॅमला ड्रमरकडे पाठ करून उभा राहिला. मुद्दाम नव्हे रे. त्याला सवयच राहिली नव्हती की मागे कोणीतरी माणूस आहे.

गोव्यावर राग नाही माझा. उलट मुंबईचा जॅझ म्हणजे अर्धा गोवाच. तुझा दुसरा प्रश्न, मुंबईत हे होतं का, त्याचं उत्तर तिथूनच सुरू होतं, जरा लांबेल पण ऐक.

1935 मध्ये लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवाला आपला कृष्णवर्णीय कलाकारांचा बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आला. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे पियानोवाले आले. आणि त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं ऐकून शिकले कोण, तर गोव्याहून आलेली पोरं, जी गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरकडे, सोल्फेज (लिहिलेले सूर गाऊन वाचणं) आणि नोटेशन घोटून आलेली होती, आणि मुंबईत धोबी तलाव-माझगावला कूडमध्ये, म्हणजे आपल्या गावाच्या लोकांनी चालवलेल्या खोल्यांत, ट्रंक टाकून राहायची. हल्दोणेचा अँतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचा, लोक त्याला चिक चॉकलेट म्हणायचे. हे सगळे वाजवत काय होते? नाचायचं म्युझिक. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, साहेब-मॅडम जेवतायत आणि हे कोपऱ्यात. जॅझ व्हायचा तो शेवटच्या सेटला, पाहुणे पांगल्यावर.

मग स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, आणि 1949 चा दारूबंदीचा कायदा आला. बार नाही तर डान्स फ्लोअर नाही, डान्स फ्लोअर नाही तर बँड कशाला? हॉटेलांचे बँड छोटे झाले आणि ही सगळी माणसं फिल्म स्टुडिओत गेली. तिथे गंमत अशी की आपल्या संगीतकारांकडे चाली होत्या आणि यांच्याकडे नोटेशन होतं, हार्मनी होती. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, चिक चॉकलेट त्यांचाच असिस्टंट होता. शंकर-जयकिशनचं अरेंजिंग सेबॅस्टियन डिसूझा करायचे. आपल्या आजीला जे गाणं "जुनं, गोड" वाटतं त्यातला ब्रासचा तुकडा कोणीतरी रात्री चर्चगेटच्या रेस्टॉरंटमध्ये स्विंग वाजवून सकाळी नऊच्या शिफ्टला येऊन वाजवलेला असायचा.

आता तुझ्या कामाचा माणूस. मनोहारी सिंग. हिंदी सिनेमात सॅक्सोफोन म्हटलं की पहिलं नाव तेच, आर. डी. बर्मनचे मुख्य अरेंजर, 2010 साली गेले. पण सुरुवात कुठे झाली माहितीये? कोलकात्याजवळ बाटानगरला, बुटांच्या कंपनीच्या ब्रास बँडमध्ये! तिथल्या परदेशी बँडमास्तरकडे तालीम झाली, मग कोलकात्याचे नाइट क्लब, मग 1958 ला मुंबई. सॅक्सशिवाय फ्लूट, क्लॅरिनेट, मँडोलिन पण वाजवायचे. हे मी तुझ्या बाबांसाठी लिहितोय खरं तर, त्यांना वाचून दाखव. "परत बँडवाला" म्हणे.

थोडक्यात या शहरात नुसता जॅझ वाजवून चूल पेटवणारा सॅक्सोफोनवाला शोधायला गेलास तर फार हाती लागणार नाहीत. गोव्यातल्या नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस घे, टेनर आणि सोप्रानोवर रागदारी आणि जॅझ एकत्र आणणारे जे पहिले लोक होते त्यातले एक, पियानोवाल्या लुई बँक्सबरोबर वाजवायचे, पण त्यांनी सुद्धा वर्षानुवर्षं हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये वाजवूनच दिवस काढले. 1978 ला निरंजन झवेरींनी धोबी तलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, अमेरिकेचा मोठा टेनरवाला सॉनी रॉलिन्स आला होता, उघड्यावर, झाडाखाली बसून ऐकायचं. ते रंगभवन पुढे सायलेन्स झोनच्या नियमात अडकलं, शाळा, कॉलेज, हॉस्पिटल सगळं शेजारीच, संपला विषय. 2007 ला लोअर परळच्या मिलमध्ये ब्लू फ्रॉग उघडलं तेव्हा आम्हाला वाटलं आता झालं, आता मुंबईला आपलं घर मिळालं, ते 2016 ला बंद. एनसीपीएला कार्यक्रम होतात, चांगले होतात. काही बार आठवड्यातला एक दिवस देतात, मग मालक बदलतो आणि तिथे क्विझ नाइट चालू होते. जागा येतात-जातात. मी जागांवर जीव लावणं सोडून दिलंय.

तर हे सगळं का सांगितलं? तुझ्या पत्रात एक सूर आहे, की लग्नातली सॅक्स म्हणजे पाप आणि जॅझ म्हणजे पुण्य, आणि आपण पापातून बाहेर पडून पुण्यात शिरायचं. असं नसतं बाबा. त्यांचं ताज, त्यांचा स्टुडिओ, तेच तुझं कॉकटेल. पांढरा कोट त्यांनीही घातलाय, चांगला इस्त्री करून, बो टाय लावून. फरक एवढाच की त्यांच्या शेजारी त्याच पांढऱ्या कोटात अजून दहा जण बसायचे, आणि शेवटच्या सेटला तेच दहा जण एकमेकांकडे बघून हसायचे आणि मग काय व्हायचं ते व्हायचं. तुझ्या शेजारी लॅपटॉप आहे.

तुझ्या चार पानांच्या पत्रात एकाही ड्रमरचं नाव नाही. बासवाल्याचं नाही, पियानोवाल्याचं नाही. "मी", "माझा टेनर", "माझं करिअर". मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. नोकरी सोडल्यावर रोज आठ तास मिळतील ते कोणाबरोबर वाजवणार आहेस?

म्हणून माझं पहिलं काम तुला: तीन माणसं शोध. उत्तम नकोत, तुझ्यापेक्षा थोडी बरी असलेली आणि गुरुवारी रात्री ठाणे-डोंबिवलीपर्यंत येऊ शकणारी. मुंबईत ड्रमर सगळे बिझी असतात आणि उत्तम बासवाले त्याहून बिझी, त्यामुळे आधी गिटारवाला धर, गिटार आणि टेनर दोघांत सुद्धा पुष्कळ होतं, बास असेल तर ड्रम्सशिवाय तीन जणांत सुंदर होतं आणि शेजारी पण ओरडत नाहीत. दर आठवड्याला दोन तास. जॅमपॅडचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं चौघांत वाटलं तर तुझ्या एका लग्नाच्या पैशात महिनेच्या महिने निघतात. म्हणजे बघ, तुझा पांढरा कोटच तुझा जॅझ पोसतोय, त्याला शिव्या देऊ नकोस.

वाजवायचं काय, तर दहा ट्यून्स. दहाच. दोन ब्लूज, दोन बॅलड, एक बोसा, बाकी मीडियम स्विंग. पण त्या दहा कशा, तर पुस्तक न बघता, कुठल्याही सुरातून. इथे तुझं बँडचं बालपण कामाला येणार आहे, आणि तुला त्याची किंमतच कळलेली नाही याचं मला नवल वाटतं. वरातीत तू चालत वाजवलंस, पाठ केलेलं वाजवलंस, समोर घोडा बिथरलाय आणि नवरदेवाचा मामा पाचशेची नोट नाचवत "नागीण" म्हणून ओरडतोय आणि तू चालू गाण्यातून दोन बारमध्ये तिकडे वळलास, बरोबर? कॉलेजमध्ये जॅझ शिकलेल्या पोरांना हे चार वर्षांत येत नाही. मैदानात घुमेल असा आवाज तुझ्या फुप्फुसात नवव्या वर्षापासून आहे. फक्त आता तो कमी करायला शिक. बॅलडमध्ये सबटोन, नुसती हवा जास्त आणि सूर कमी, टेनरच्या खालच्या बी फ्लॅटपर्यंत. खोलीतल्या खोलीत, दार लावून, जेवढं हळू जमेल तेवढं. बँडवाल्याला हे सगळ्यात अवघड जातं, मुद्दाम सांगतोय.

दुसरं, ट्रान्सपोझिशन, म्हणजे सूर दुसऱ्या पट्टीत बदलून वाजवणं. तू लिहिलंयस की जॅमला "की कळायला वेळ लागला". टेनर बी फ्लॅटचं वाद्य, पियानोवाला सी म्हणाला की तू डी वाजवायचं, हे तुला माहितीये, माहिती असून उपयोग नाही, ते बोटांत पाहिजे. इकडे तर अजून एक गंमत असते, गायिका येऊन म्हणते "काळी चार", कीबोर्डवाला मनात म्हणतो जी शार्प, आणि तुला तोवर बी फ्लॅटमध्ये पोचायचं असतं, तेही तिने आलाप घ्यायच्या आत. ट्रेनमध्ये सराव कर. खरंच सांगतो, ऐरोली ते कल्याण, हेडफोनवर कुठलंही गाणं लाव, सा पकड, आणि टेनरवर तो कुठला सूर येईल ते मनात म्हण, नुसतं म्हण, बोटं बॅगेवर फिरव. लोक बघतील. बघू दे.

रीडिंगचं तू लिहिलंच नाहीस म्हणजे ते कच्चं असणार. पक्कं कर. स्टुडिओचं काम पूर्वीइतकं राहिलं नाही, कीबोर्डवर सॅक्स काढतात म्हणे, ऐकवत नाही ते, पण जे राहिलंय, लाइव्ह शो, रिॲलिटी शोचे बँड, म्युझिकल, क्रूझ शिप, त्या सगळीकडे समोर कागद ठेवतात आणि दुसऱ्यांदा विचारत नाहीत. आणि क्लॅरिनेट विकलं नसशील तर विकू नकोस. विकलं असशील तर मला सांगू नकोस. फ्लूट शिकायला घे हळूहळू. एका माणसात तीन वाद्यं मिळाली की त्याला फोन जास्त येतात, मनोहारी सिंगच्या काळातही हेच होतं.

रियाझाचं तू विचारलंयस, की सोसायटीत सेक्रेटरी वर येतो. टेनर आहे तो, येणारच, मी पण आलो असतो. कपाटाचं दार उघड, कपडे लटकवलेले असू देत, बेल, म्हणजे सॅक्सचं रुंद तोंड, आत घालून वाजव, हिवाळ्यात गोधड्या पण असतील तर उत्तम. लांब सूर, रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून. आणि शनिवार-रविवारी सकाळी दुर्गाडीच्या खाडीवर जा. सॉनी रॉलिन्स न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेला असताना, 1959 पासून जवळजवळ दोन वर्षं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन वाजवायचा, उन्हाळा म्हणू नको थंडी म्हणू नको. तोच माणूस पुढे साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या पवईला आश्रमात येऊन राहिला होता! त्याला पूल होता, तुला खाडी आहे.

पावसाळ्यात रीड्स बघ, तोंडाशी लावायच्या त्या वेताच्या पट्ट्या. इथल्या दमट हवेत रीड फुगते, वाकडी होते, मग आपण उगाच माउथपीसला आणि स्वतःला दोष देतो. वाजवून झालं की पुसून, काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून डबीत ठेव, चार रीड्स आलटून पालटून वापर. आणि पॅड्स, भोकं झाकणाऱ्या त्या गोल गाद्या. तुझा सेकंडहँड आहे म्हणतोस, जी शार्पचं पॅड सकाळी चिकटतं का? चिकटतंच. पातळ कागदाचा तुकडा घाल, पॅड हलकं दाबून धर, ओढ. वर्षातून एकदा चांगल्या माणसाकडून सगळ्या पॅड्सची गळती तपासून घे, तू ज्याला "माझे लो नोट्स कच्चे आहेत" म्हणतोस त्यातलं निम्मं बहुतेक गळकं पॅड निघेल.

आता पैसे, पटकन. लग्नाला अर्धे ॲडव्हान्स, उरलेले साउंडचेकच्या आधी. किती वाजता, किती सेट, जेवण, जायची-यायची गाडी, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घे आणि समोरच्याकडून "ओके" येऊ दे. मी हे शिकलो ते एका थर्टी फर्स्टला, बाराचा काउंटडाउन आम्ही वाजवला, लोकांनी मिठ्या मारल्या, आणि मॅनेजर साडेबाराला गायब, त्याचा नंबर जानेवारीभर लागत नव्हता. आमचा ड्रमर मार्चपर्यंत त्याच्या ऑफिसखाली जाऊन बसायचा. पैसे आले नाहीतच, पण ड्रमरला समोरच्या उडप्याचा रसम आवडायला लागला. कंपन्या टीडीएस कापतात, दहा टक्के जातात, रिटर्न भर म्हणजे तुझे परत येतील, कितीतरी म्युझिशियन ते सोडूनच देतात. स्वतःची ट्यून केलीस तर आयपीआरएसला, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, मेंबर हो आणि नोंदव. 2012 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात वाजवणाऱ्याला पण रॉयल्टीचा हक्क आहे, हातात किती येतं तो वेगळा विषय, पण आपलं नाव कागदावर असलेलं बरं. आणि लग्नाचे पैसे वेगळ्या खात्यात टाक. त्याला हात लावायचा नाही.

कारण नोकरी कधी सोडायची याचं उत्तर त्या खात्यात आहे. मी तारीख सांगत नाही, खुणा सांगतो. एक, त्या खात्यात चातुर्मासाचे चार महिने आणि वर दोन, असा सहा महिन्यांचा खर्च पडलेला असेल. मार्च 2020 मध्ये एका आठवड्यात सगळ्यांच्या सगळ्या तारखा कॅन्सल झाल्या तेव्हा ज्यांच्याकडे हे होतं ते वाद्य विकायला गेले नाहीत. दोन, तुमच्या चौघांना कुठल्या तरी जागेने महिन्यातून एकदा ठरलेली संध्याकाळ दिली असेल, पैसे कमी का असेनात, आणि ती सहा महिने टिकली असेल. तीन, तुझ्या ओळखीचा नसलेला कोणीतरी तुला सब म्हणून बोलवेल, म्हणजे त्यांचा टेनरवाला आजारी पडला आणि चौघांत विचारपूस होऊन तुझं नाव निघालं. ही तिसरी खूण सगळ्यात पक्की. टाळ्या कोणालाही मिळतात रे, सबचा फोन ज्याला येतो तो धंद्यात आला असं आमच्यात धरतात. आणि सब म्हणून गेलास की वेळेच्या अर्धा तास आधी पोच, कमी वाजव, आणि त्या टेनरवाल्याची गिग ढापायचा प्रयत्न करू नकोस, हे शहर म्युझिशियनसाठी चाळीएवढंच आहे, भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं.

दोन वर्षं लागतील. कदाचित तीन. तोवर ऐरोलीचा पगार म्हणजे तुझं ताज समज. मला बँकेतली अकरा वर्षं वाया गेली असं वाटत नाही, तिथल्या स्ट्राँगरूममध्ये प्रतिध्वनी फार छान यायचा हे तुला खासगीत सांगतो.

बाबांचं शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे मला पत्र नुसतं वाचूनही कळलं ते तुला समोर बसून कळलं नाहीये. "परत बँडवाला" हे त्यांनी तुझ्या जॅझबद्दल म्हटलेलं नाही. लग्नात जेवायची पंगत उठल्यावर बँडवाल्यांना मांडवामागे वाढायचे ना? ते त्यांच्या डोक्यात आहे. तू पांढऱ्या कोटातले फोटो पाठवले असशील, त्यांनी त्यात आपला लाल कोट आणि खांद्यावरची जरीची पट्टी बघितली असणार. त्यांना समजवायला जाऊ नकोस, "बाबा जॅझ वेगळं असतं" वगैरे तर अजिबात नको. त्यापेक्षा विचार, की तुम्ही क्लॅरिनेटवर एवढा लांब दम कसा घ्यायचात, वरात चालू असताना श्वास कुठे चोरायचात. मला खात्री आहे ते फोन कानाला धरून अर्धा तास बोलतील, आणि त्यातलं दहा मिनिटांचं तुला कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही, रेकॉर्ड करून ठेव.

आणि गोव्याच्या माणसाला नीट "नाही" कळव, नुसता गायब होऊ नकोस, म्हण की यावर्षी जमत नाही, पण पुढे चौघांचा बँड घेऊन आठवडाभर येऊ शकतो, रेट पाठवू का. बघ काय म्हणतो ते.

महिन्याची पहिली संध्याकाळ ठरली की मला तारीख लिही, मी येईन, कल्याणला असली तरी येईन. बाबांना पण बोलव. फक्त त्यांना म्हणावं पहिल्या रांगेत बसू नका, टेनरची बेल नेमकी तिथेच तोंड करून असते, आणि त्यांना तर ती आधीपासूनच हळू वाटणार आहे.